मार्चमधला एक तास

अमेरिकेत एकूण पन्नास राज्ये आहेत, राजधानी वॉशिंग्टन, क्षेत्रफळाने सर्वांत मोठे राज्य अलास्का, आणि तिथे बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा घड्याळ एक तास मागेपुढे करतात. यातली पहिली तीन उत्तरं मी रायगड जिल्ह्यातल्या निदान दोन पिढ्यांकडून घोकून घेतली आहेत. चौथं माझ्या 'सामान्य ज्ञान प्रश्नोत्तरी'त आहे, पान एकेचाळीस, प्रश्न सतरा. पुस्तिकेच्या तीन आवृत्त्या निघाल्या. तिसरी अजून आमच्या पलंगाखाली आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं जे घडलं ते अज्ञानातून घडलं असं कुणी म्हणायला नको.

सप्टेंबरात माझ्या बायकोच्या, कोकिळाच्या, पोटात गाठ निघाली. कोकिळा तीस वर्षं आरोग्यसेविका होती. पाली, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, जिथं माझी बदली तिथं हट्टानं स्वतःची बदली करून घेऊन तिनं नोकरी केली. मुंबईहून परत येताना लाँचवर तिनं रिपोर्टचं पाकीट माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि मांडवा यायच्या आत मला सांगितलं, "वर्ष धरू नका." मग म्हणाली, भूक लागलीय, शेंगदाणे घ्या. मी घेतले.

आमचा अजित अमेरिकेत, ओहायो राज्यात. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. तिथं राहून काम करायला हरकत नव्हती, पण एकदा बाहेर पडला की परत जाताना नवा शिक्का हवा, आणि त्याच्या तारखा वर्षभर पुढच्या मिळत होत्या. कंपनी तेवढं थांबणार नव्हती. थोडक्यात, पोरगा आईला बघायला आला की नोकरी गेली. कोकिळानं हे सगळं मनाशी जुळवलं आणि घरी पोचल्यावर चपला काढता काढताच हुकूम सोडला, की अजितला यातलं काही कळता कामा नये.

मी विरोध केला. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचा विरोध घरात जितका टिकतो तितका तो टिकला. अजित दर रविवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल करायचा, त्याच्याकडे तेव्हा सकाळचे दहा. कोकिळाचं म्हणणं, आठवड्यातून वीस मिनिटं बरं दिसायचं, एवढंच तर काम. मलाही ते फार अवघड वाटलं नाही. आमचं जे काही झालं ते या वीस मिनिटांपायी झालं.

आता रामचंद्रशेठांना आणावं लागेल. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर राहतात. मूळ उरणकडचे, बापाची मिठागरं होती, ह्यांनी ट्रक घेतले, आणि आता धंदा मुलाकडे देऊन अलिबागला हवा खातात. त्यांची मुलगी अमिषा न्यूजर्सीत असते. तिच्याकडे शेठ बेचाळीस दिवस राहून आले, आणि तेव्हापासून अमेरिका या विषयावर सोसायटीत माझं आणि त्यांचं जमत नाही. मी तो देश पुस्तकातून ओळखतो, ते मॉलमधून. मी म्हटलं की तिथं दोन सभागृहं आहेत, तर ते म्हणणार, असतील, पण संडासात पाणी न्हाय, त्याचा काय?

गुपितात त्यांना घ्यावंच लागलं, कारण मुंबईच्या डोससाठी मांडव्यापर्यंत पहाटे गाडी त्यांचीच जायची. मग त्यांनी कोकिळाला अमेरिकेचा एकच धडा दिला. तिकडे दुकानात गेलं की काउंटरवरची मुलगी विचारते, हाऊ आर यू. पहिल्याच दिवशी शेठांनी तिला गुडघ्यापासून सांगायला सुरुवात केली. रांग खोळंबली, आणि अमिषानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"वहिनी, तिकरं 'हाऊ आर यू' इचारतान ना, तो प्रश्न न्हाय," शेठ म्हणाले. "तो नमस्कार हाय. आपन 'फाइन' बोलाचा आनि पुढं सरकाचा."

कोकिळाला हे फार आवडलं. खोटं बोलायचा तिला मनापासून तिटकारा होता. पण अख्खा देश जर विचारलेल्याला प्रश्न मानत नसेल, तर 'फाइन' हे काही खोटं उत्तर होत नाही, अशी तिनं सोय लावली. तेव्हापासून अजितनं "आई, कशी आहेस?" म्हटलं की इकडून "फाइन!" यायचं. तो हसायचा. म्हणायचा, आई अमेरिकन झाली.

केमोच्या दुसऱ्या डोसनंतर केस गेले. कोकिळानं उशीवरचे केस गोळा करून कागदात गुंडाळले आणि मला म्हणाली, रविवारला टोप पाहिजे. मी हे शेठांच्या बायकोला, मैनावहिनींना, घाईत जिन्यावर सांगितलं. त्यांनी अर्ध्या तासात झाकणासकट दोन किलो भाताचा टोप पाठवला. उलगडा झाल्यावर त्या आमच्या स्वयंपाकघरात बसून इतक्या रडल्या की कोकिळालाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

मुंबईहून रीतसर टोप यायला पंधरवडा लागणार होता, म्हणून इथल्या हौशी नाटक मंडळींच्या रंगपटातून एक आणला. तो नायिकेचा होता. त्यात अंबाडा होता, आणि अंबाड्यावर कागदी गजरा शिवलेला होता. तो उसवायला गेलो तर अंबाडाच हातात यायला लागला, तेव्हा राहू दिला. रविवारी अजितनं बघितलं आणि विचारलं, आई, कुणाचं लग्न? कोकिळा म्हणाली, शेठांच्या पुतण्याचं. झालं. अजितची आणि त्या पुतण्याची जुनी ओळख. त्यानं त्याला तिथल्या तिथं अभिनंदन पाठवलं, जाहीरपणे, सगळ्यांना वाचता येईल असं. पुतण्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. त्याच्या सासुरवाडीहून दोन जीप भरून माणसं विचारायला आली, आणि शेठ दोन दिवस मिटवामिटवी करत होते. पण कोकिळाच्या आजाराबद्दल त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. हे मी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं पाहिजे.

नोव्हेंबरचा पहिला रविवार. सव्वासातपासून आम्ही तयार. कोकिळाला उशांना टेकवून बसवलेलं, टोप, पावडर, मागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर नीट दिसेल असा टॅब लावलेला. साडेसात झाले, पावणेआठ झाले, कॉल नाही. आठ वाजता कोकिळाला ओकारी आली, टोप काढला, परत घातला. मी अजितला सतरा मेसेज पाठवले. मला अपघात, गोळीबार, वादळ, त्या देशाविषयी जे जे वाचलं होतं ते सगळं आठवलं. बरोबर साडेआठला कॉल आला आणि चिरंजीव जांभई देत म्हणाले, काय झालं बाबा, मी तर वेळेवर आहे.

खालून शेठ आले. दारातूनच म्हणाले, सर, घड्याळं मागं केली त्यांनी, तुमाला म्हाईत न्हाय?

पान एकेचाळीस, प्रश्न सतरा. माणसाला पुस्तकाच्या बाहेर आपलंच उत्तर भेटलं तर ओळखू येत नाही, असा मला अनुभव आला. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक घड्याळ आणलं, अमेरिकेच्या वेळेला लावलं आणि आमच्या घड्याळाशेजारी टांगलं. खाली कागद चिकटवला: 'अजित'. मार्चमध्ये ते परत पुढं करायचं, हेही मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवलं. गॅसची तारीख, डोसची तारीख, सगळं आमच्याकडे कॅलेंडरवरच असतं. डिसेंबरच्या पानावर मोकळी जागा होती, तिथं लिहिलं. एक जानेवारीला नवं कॅलेंडर लागलं, आणि जुनं मीच फाडून धान्याच्या डब्यांखाली घातलं. मार्चची आठवण तांदळाच्या डब्याखाली गेली, आणि मला ती कुठं गेली याची आठवण राहिली नाही.

याच नोव्हेंबरात हयातीचा दाखला आला. पेन्शनरनं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं बँकेत जाऊन सांगायचं असतं. माझं दोन मिनिटांत झालं. कोकिळाची बोटं मशीन घेईना. औषधांनी बोटांची कातडी गेली होती, ठसेच उमटत नव्हते. काउंटरवरची रश्मी नावाची मुलगी बिचारी दहाही बोटं पुसून पुसून लावत होती. शेवटी म्हणाली, "काकी, मशीन म्हणतंय तुम्ही त्या नाहीच." मी आवाज चढवला. मी या जिल्ह्यात कोण होतो ते सांगितलं. रांगेतल्या दोघांनी ते लक्षपूर्वक ऐकलं, मशीननं ऐकलं नाही. मग चेहऱ्यावरून बघू असं ठरलं. कोकिळा डोक्याला रुमाल बांधून आली होती. तोही चेहरा जुळेना. मी रिक्षानं घरी जाऊन टोप आणला. तोपर्यंत मुंबईचा आला होता, पण घाईत हातात नाटकाचाच आला. तो घातला आणि पहिल्या झटक्यात चेहरा जुळला. सरकारच्या लेखी माझी बायको गजऱ्यासकट जिवंत होती.

"मी शेकड्यांनी जन्म आणि मृत्यू लिहिलेत रजिस्टरात," कोकिळा रश्मीला म्हणाली. "बोटं कुणाची बघितली नव्हती."

परतताना ती रिक्षात हसत होती. मी बाहेर बघत बसलो. मला हसता येत नव्हतं, आणि तिच्यासमोर दुसरं काही करायची परवानगी नव्हती.

जानेवारीपासून अजितकडे काही बारीकसारीक फरक पडले. त्याच्या मागं आता नवी भिंत होती, निळसर, स्वच्छ, तिच्यावर गोल घड्याळ. बोलता बोलता मधेच त्याचा कान नाहीसा व्हायचा, कधी खांदा. मी ते आमच्या नेटवर ढकललं. केबलवाल्याला तीनदा बोलावलं, त्यानं जिन्यातून नवी वायर आणली, त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र लागलं, पत्रासाठी सभा लागली, सभेत शेठांनी माझ्या बाजूनं आणि मला न विचारता भाषण केलं. वायर आली. कान जातच राहिला.

कोकिळाला मात्र घड्याळ खटकलं होतं.

"त्याच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय," ती म्हणाली. "कॉल सुरू झाला तेव्हा दहा वाजून दहा, ठेवला तेव्हाही दहा वाजून दहा."

मी तिला समजावलं की अमेरिकन लोक वस्तू दुरुस्त करत नाहीत, टाकून देतात, आणि टाकायलाही तिथं ठरलेला वार असतो. हे शेठांनीही मान्य केलं. आमचं दोघांचं एकमत झालेला हा पहिला मुद्दा. कोकिळानं आम्हा दोघांकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

फेब्रुवारीत तिला बसवणं अवघड झालं. वीस मिनिटांसाठी आता तासाची तयारी लागायची. दुखणं दबायची गोळी, मग अर्धा तास थांबणं, मग मैनावहिनी येऊन गाऊनवरून साडी गुंडाळायच्या, टोप बसवायच्या. वहिनींनी एकदा मायेनं त्या मुंबईच्या टोपाला खोबरेल तेल चोपडलं होतं, तेव्हापासून तो कपाळावर घसरायचा. कॉल संपला की कोकिळा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलायची नाही. मी एकदा म्हटलं, पुरे, सांगून टाकू. ती म्हणाली, त्याच्या शिक्क्याची तारीख लागू दे. मी त्या देशाच्या शिक्क्यावर, संसदेवर आणि पन्नास राज्यांवर मनातल्या मनात जेवढं बोलता येईल तेवढं बोललो.

मार्चचा दुसरा रविवार. आमच्या घड्याळात साडेसात. 'अजित' घड्याळात नऊ. म्हणजे तास होता हाताशी. मी पेज भरवत होतो. कोकिळा गाऊनवर, उघड्या डोक्यानं, मान उशीवर टाकून. टोप खुंटीला. मैनावहिनी साडी घडी करत होत्या, आणि टॅब वाजला. त्यांना वाजणारी वस्तू उचलायची सवय. त्यांनी बोट फिरवलं आणि टॅब कौतुकानं कोकिळासमोर धरला.

"आई?"

कोकिळाचा हात डोक्याकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. ती पडद्याकडे बघत राहिली.

"फाइन," ती म्हणाली. त्यानं अजून काही विचारलंच नव्हतं.

अजित खुर्चीतून ताडकन उठला. त्याबरोबर त्याच्या मागची भिंत फाटली. निळा रंग त्याच्या खांद्याभोवती फडफडला, घड्याळ अर्धं त्याच्या डोक्यात शिरलं, आणि भिंतीच्या जागी एक सोफा दिसला, त्यावर चुरगळलेली चादर, बाजूला दोन बॅगा, आणि बर्म्युडा घालून दात घासत उभा असलेला एक अनोळखी माणूस. तो माणूस आमच्याकडे बघून घाबरून बाजूला झाला.

"तो कोण रे?" कोकिळानं विचारलं.

"मित्र. त्याच्याकडे राहतोय." अजित रडत होता. "आई, तुझे केस..."

"ते राहू दे. तुझं घर कुठंय?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "नोकरी गेली, आई. जानेवारीतच. तू टेन्शन घेशील म्हणून..."

भिंत खोटी होती. व्हिडिओ कॉलवर आपल्या मागं लावता येतं तसलं, एका फर्निचरच्या जाहिरातीतलं चित्र. कान आमच्या नेटमुळं जात नव्हता, त्या चित्रामुळं जात होता. परदेशी माणसाला नोकरी गेल्यावर तिथं राहायला साठ दिवस मिळतात, हे माझ्या पुस्तिकेत नाही. त्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, आणि इथं उतरल्यावर आईला काय कारण सांगायचं याचा तो विचार करत बसला होता.

कोकिळानं पेजेचा चमचा बाजूला सारला.

"म्हणजे आता इकडे आलास तर तिकडे काही बुडत नाही?"

"बुडायला काही उरलंच नाही."

"मग ये," ती म्हणाली, आणि हसली. मुलाची नोकरी गेल्याचं ऐकून एवढी खूश झालेली आई मी पाहिली नव्हती. मैनावहिनी साडी तोंडाशी धरून उभ्या होत्या.

मी पेजेचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिथं रडलो. मला राग आला होता, दोघांचाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्याला इथं यायला कुणाची आडकाठी नव्हती. आठ रविवार. आठ रविवार इकडे आम्ही तिला तासभर सजवत होतो आणि तिकडे तो भिंत लावत होता, आणि ती दोघं वीस-वीस मिनिटं एकमेकांना फाइन म्हणत होती. त्यातल्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती अजून खाली अंगणापर्यंत चालत होती. कॅलेंडर फाडलं नसतं, घड्याळ मी वेळेवर पुढं केलं असतं, तर ती त्याही रविवारी टोप घालून बसली असती आणि त्याला काहीच कळलं नसतं. माझ्या आयुष्यातली एकच चूक उपयोगी पडली, तीही उशिरा.

अजित गुरुवारी आला. शेठ स्वतः मांडव्याला आणायला गेले. त्यानंतर सतरा दिवस मिळाले. त्या दिवसांत मायलेकांनी एकमेकांना खरं सांगण्याचा सपाटा लावला. तिनं त्याला कुठं कुठं दुखतं ते नर्सच्या शिस्तीत, डोक्यापासून पायापर्यंत सांगितलं. त्यानं तिला सांगितलं की तिथं पहिल्या वर्षी तो रोज गाडीत बसून जेवायचा. दोघं तक्रारी करून दमायची आणि झोपायची. दुसऱ्याच दिवशी कोकिळानं मला 'अजित' घड्याळ काढायला लावलं. म्हणाली, तो इथं आहे, ते कुणासाठी चालवताय? मी सेल काढला.

ती गेली तेव्हा दुपार होती. डोस थांबल्यापासून तिच्या डोक्यावर पेरभर नवे केस आले होते, पांढरे. अजितनं त्यांना कंगवा लावला. टोपाचं कुणी नाव काढलं नाही.

सातव्या दिवशी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं आली, वंदना झाली, माणसं जेवली, गेली. संध्याकाळी शेठ खुर्च्या परत करून वर आले. दारातच उभे राहिले, एका पायात चप्पल, एक काढलेली. काही तरी बोलायचं म्हणून त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"काय सर, बरा हाय ना?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनीच शिकवलेलं.

"नाही, शेठ," मी म्हटलं. "बरं नाही."

त्यांनी दुसरी चप्पल काढली. आत आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि हात गुडघ्यावर ठेवले. मग मी सांगायला लागलो. आधी झोपेचं सांगितलं. खालून मैनावहिनींनी जेवायला म्हणून दोनदा हाक मारली, पण ते उठले नाहीत.